करुणेचा हजेरीपट : एमिली हॉबहाउस यांचे जीवन आणि त्यांची कागदपत्रे

युद्धकाळात मदतकार्य करणाऱ्या माणसांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा चरित्र नसते, आरती असते. एक मोठे मन, एक परका देश, उपाशी मुले आणि त्यांच्या तोंडी घास घालणारा एक हात, एवढ्यावर असे लेखन भागते. तो घास कोणाच्या तोंडापर्यंत पोचला नाही, हा प्रश्न त्यात येत नाही. आला तर तो कृतघ्नपणा ठरतो. मला हा प्रश्न कृतघ्नपणाचा वाटत नाही. मदत म्हणजे मोजणी असते, आणि मोजणीचा कागद मागे उरतो. म्हणून मदत करणाऱ्या माणसाचे मूल्यमापन त्याच्या अंतःकरणावरून करण्याऐवजी त्याच्या कागदांवरून करता येते, नव्हे, तसेच ते केले पाहिजे. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईंच्या जीवनाकडे आणि कागदपत्रांकडे मी या दृष्टीने पाहणार आहे.

बाईंचे नाव आपल्या वाचकांना फारसे परिचित नसेल. ज्या युद्धामुळे त्या प्रसिद्धीस आल्या ते दक्षिण आफ्रिकेतील १८९९ ते १९०२ चे बोअर युद्ध मात्र आपल्यापासून वाटते तितके दूर नाही. त्या युद्धातले बोअर कैदी इंग्रजांनी आगबोटींतून हिंदुस्थानात आणले आणि त्यांतले काही अहमदनगरला ठेवले. युद्धात जखमींच्या डोल्या वाहणाऱ्यांत हिंदी मजूर होते. एवढेच नव्हे, तर बोअर बायकामुलांच्या छावण्यांत माणसे फार मरू लागली तेव्हा त्या सुधारण्यासाठी येथील दुष्काळाच्या आणि प्लेगच्या छावण्यांचा अनुभव असलेले अधिकारी हिंदुस्थानातून बोलावण्यात आले. तेव्हा हा विषय परका नाही.

हॉबहाउसबाईंचा जन्म १८६० साली कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह या खेड्यात झाला. वडील तेथील धर्मोपदेशक. चुलते लॉर्ड हॉबहाउस हे १८७२ ते १८७७ या काळात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदेमंत्री म्हणून हिंदुस्थानात होते, भाऊ एल. टी. हॉबहाउस हे पुढे नामांकित समाजशास्त्रज्ञ झाले. म्हणजे घर शिकलेले आणि सत्तेच्या जवळचे. पण त्या घरात मुलगी म्हणून बाईंच्या वाट्याला जे आले ते आजारी वडिलांची शुश्रूषा आणि गावातल्या गोरगरिबांची विचारपूस. वडील १८९५ साली वारले तेव्हा त्या पस्तिशीत होत्या. त्यानंतर त्या अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात खाणकामगारांच्या वस्तीत समाजकार्यासाठी गेल्या. तेथे ठरलेले लग्न पुढे मोडले आणि १८९८ साली त्या इंग्लंडला परतल्या. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले.

युद्धाचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. बोअर म्हणजे दक्षिण आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले डच वंशाचे गोरे शेतकरी. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही त्यांची दोन प्रजासत्ताके होती. ट्रान्सवालमध्ये सोने सापडले होते, साम्राज्याला ही राज्ये हवी होती. उघड्या मैदानात हरल्यावर बोअर गनिमी काव्याने लढू लागले. त्यांचा दाणागोटा तोडण्यासाठी इंग्रज सेनापतींनी त्यांची शेतघरे जाळली, पिके नष्ट केली, गुरे मारली, आणि उघड्यावर पडलेल्या बायकामुलांना आगगाडीच्या उघड्या डब्यांतून नेऊन तंबूंच्या छावण्यांत कोंडले. या छावण्यांना सरकार निर्वासितांच्या छावण्या म्हणत असे. स्वतः घर पेटवून द्यायचे आणि घर पेटलेल्याला आश्रित म्हणायचे, ही भाषा आपल्या ओळखीची आहे.

बाईंनी लंडनमध्ये मदतनिधी उभा केला आणि डिसेंबर १९०० मध्ये त्या एकट्याच निघाल्या. केपटाऊनला त्यांनी एक मालडबा कपडे, अन्न आणि औषधांनी भरला. किचनेरने ब्लूमफाँटेनच्या पुढे जाऊ देण्यास नकार दिला. जानेवारी १९०१ च्या अखेरीस त्या ब्लूमफाँटेनच्या छावणीत पोचल्या, आणि पुढे नॉर्वल्सपाँट, आलिवाल नॉर्थ, स्प्रिंगफाँटेन, किंबर्ली अशा छावण्या त्यांनी पाहिल्या.

येथे बाईंचे जे वैशिष्ट्य दिसते ते अश्रूंचे नाही. त्यांनी साबण मागितला. साबण ही चैन आहे, असे त्यांना सांगण्यात आले. नदीचे पाणी विषमज्वराचे घर झाले होते. ते उकळण्यासाठी त्यांनी मोठ्या बंबांची मागणी केली. एका तंबूत किती माणसे, किती जणांना अंथरूण, सरपण किती, दूध किती, हे त्या लिहून काढीत गेल्या. ज्यांचे पुरुष अजून लढत होते त्या बायकामुलांना इतरांपेक्षा हलका शिधा मिळे. नवऱ्याचा राग मुलाच्या ताटावर काढला जात होता. त्याविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. लिझी फान झील नावाच्या हाडांचा सापळा झालेल्या मुलीची हकीकत त्यांनी जगापुढे आणली. ती मुलगी त्याच वर्षी छावणीत मेली. मे १९०१ मध्ये परत येऊन त्यांनी अहवाल छापला. जूनमध्ये विरोधी पक्षनेते कॅम्बेल-बॅनरमन यांनी या युद्धपद्धतीला जाहीरपणे रानटी म्हटले, त्यामागे बाईंनी सांगितलेली माहिती होती.

सरकारने मिलिसेंट फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली सहा स्त्रियांची समिती नेमली आणि तिच्यातून नेमके हॉबहाउसबाईंनाच वगळले. तरीही समितीला बाईंचे बहुतेक म्हणणे मान्य करावे लागले. ऑक्टोबर १९०१ मध्ये बाई पुन्हा केपटाऊनला गेल्या तेव्हा त्यांना जहाजातून उतरूही दिले नाही. त्या स्वतःच्या पायांनी जाईनात म्हणून शिपायांनी त्यांना उचलून दुसऱ्या जहाजावर टाकले. त्याच महिन्यात गोऱ्यांच्या छावण्यांतील मृत्यूचे मान वर्षाला हजारी ३४४ या दरापर्यंत चढले होते. युद्ध संपेपर्यंत सव्वीस हजारांवर बोअर बायकामुले छावण्यांत मेली. त्यांत बावीस हजारांहून अधिक सोळा वर्षांखालील मुले होती. आपल्याच राष्ट्राने चालवलेले हे मरण बाईंनी आपल्याच राष्ट्राला मोजून दाखवले. त्यांच्या देशात त्यांना द्रोही म्हटले गेले. हे धैर्य लहान नव्हे, आणि पुढे जे लिहायचे आहे ते या धैर्याला वजा करून लिहायचे नाही.

पण त्याच रेल्वेच्या कडेने दुसऱ्याही छावण्या होत्या. बोअरांच्या शेतावर बोअर एकटे नव्हते. तेथे काळी माणसे राबत होती, अर्धलीने जमीन कसत होती, आपली गुरे राखून होती. शेतघर जळाले तेव्हा त्यांच्या झोपड्याही जळाल्या, त्यांचीही गुरे गेली. त्यांनाही गोळा करून कोंडण्यात आले. युद्ध संपेपर्यंत अशा ६६ छावण्यांत एक लाख पंधरा हजारांहून अधिक काळी माणसे होती. जून १९०१ पासून त्यांच्यासाठी वेगळे खाते काढण्यात आले, आणि त्या खात्याचा एक मुख्य हेतू लष्कराला मजूर पुरवणे हा होता. गोऱ्यांना अपुरा का होईना शिधा मिळत होता. काळ्यांना धान्य बहुधा विकत घ्यावे लागे, नाहीतर पिकवावे लागे. पुरुषांनी लष्कराचे काम करायचे, बायकामुलांनी छावणीजवळची जमीन नांगरायची. निवारा आपापला उभा करायचा. त्यांचे नोंदलेले मृत्यू १४,१५४ आहेत. पुढच्या संशोधकांनी कागद पुन्हा तपासून हा आकडा निदान वीस हजारांवर नेला आहे. नोंदलेल्यांत दहांपैकी आठ मुले होती.

या छावण्यांविषयी बाईंच्या कागदांत काय आहे? काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. काळ्यांच्या छावण्या आहेत, तेथेही आजार आणि मरण आहे, हे त्यांना कळले होते आणि त्यांनी ते लिहिले. आपल्याला स्वतः जाऊन पाहता आले नाही, कोणीतरी चौकशी करावी, असे त्यांनी सुचवले. १९०२ च्या आरंभी ॲबोरिजिनीज प्रोटेक्शन सोसायटी या संस्थेने वसाहतमंत्री चेंबरलेन यांच्याकडे तशी मागणी केली. तिला दाद मिळाली नाही. फॉसेट समितीने तर या छावण्यांत पाऊलच ठेवले नाही. म्हणजे बाईंनी ओळ लिहिली, आणि पुढच्या तंबूकडे वळल्या. गोऱ्या छावण्यांविषयी त्यांच्याकडे पानेच्या पाने आहेत, नावे आहेत, आजाराची लक्षणे आहेत, कोणाजवळ पांघरूण नव्हते हे आहे. काळ्यांविषयी उल्लेख आहे. उल्लेखाला नाव नसते, आणि नाव नसलेल्या मुलासाठी पार्लमेंटात कोणी उभे राहत नाही.

असे का झाले? बाई वर्णद्वेष्ट्या होत्या, हे सोपे उत्तर झाले. ते मला पुरेसे वाटत नाही. ज्या निधीच्या पैशांवर त्या गेल्या त्याचे दाते बोअर स्त्रियांच्या हकीकतींनी हेलावलेले होते. परवाना मर्यादित होता. बोअर स्त्रियांशी बोलायला दुभाषे होते, परिचय होता, एकच बायबल होते. काळ्या स्त्रीपर्यंत पोचायला या वाटांपैकी एकही नव्हती. करुणा ही मोकळ्या हवेसारखी सगळीकडे सारखी पसरत नाही. ती ओळखीच्या, भाषेच्या, धर्माच्या, पैशाच्या पाटांतून वाहते. ज्याच्या शेताकडे पाट काढलेला नाही त्याचे शेत कोरडे राहते, मग विहीर कितीही भरलेली असो. दोष विहिरीचा नसेलही, पण कोरडे राहिलेल्याने पाट कोणी आखला हे विचारलेच पाहिजे.

माझ्यापुरते सांगायचे तर ही गोष्ट मला पुस्तकातून समजली नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होती. तिचे नाव मस्टरवर होते. तिच्या शेजारी बसून खडी वेचणाऱ्या दहा वर्षांच्या माझ्या आत्याचे नव्हते, कारण मुलांना कामावर घेण्याची परवानगी नव्हती. मापात दोघींची खडी, कागदावर एकीचे नाव. आत्या सुकडीसाठी रांगेत उभी राहिली तर कारकून तिला बाजूला काढी. आज कोणी ते मस्टर उघडले तर त्याला त्यात खोटी नोंद एकही सापडणार नाही. मस्टर खोटे नव्हते, पण ते पुरेही नव्हते. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मी कागदांच्या जगात आलो तेव्हा हे एवढे शहाणपण घरूनच घेऊन आलो होतो. मदतीचा कागद वाचताना त्यात कोण आहे एवढेच पाहून भागत नाही. कोणाचे काम दुसऱ्याच्या नावात मिसळले, कोणाचे मरण कोणत्याच नावात आले नाही, हेही पाहावे लागते.

युद्धानंतर बाईंनी बोअर मुलींसाठी सूतकताई आणि विणकामाच्या शाळा काढल्या. पहिली १९०५ साली फिलिपोलिस येथे. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, त्या शत्रुराष्ट्र जर्मनीत जाऊन आल्या, आणि युद्ध संपल्यावर त्यांनी लाइपझिगच्या उपाशी शाळकरी मुलांना जेवण घालण्याचे काम उभे केले. शत्रूचे मूल हेही मूलच, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत बदलली नाही. त्यांनी बोअर स्त्रियांची आत्मकथने मिळवली, त्यांचे इंग्रजी भाषांतर केले आणि ती ग्रंथरूपाने प्रसिद्धीस दिली. हे काम मला त्यांच्या मदतकार्याहूनही महत्त्वाचे वाटते. भोगलेल्या माणसाने स्वतः लिहावे आणि मदत करणाऱ्याने बाजूला सरून त्याला वाट द्यावी, हे त्यांना त्या काळात कळले होते. आपल्या साहित्यानेही आत्मकथनाचे सामर्थ्य जगाला दाखवले असल्याने आपण या कामाची किंमत इतरांपेक्षा चांगली जाणू शकतो. आणि म्हणूनच त्या संग्रहात काळ्या छावणीतील एकाही स्त्रीचे कथन नाही, हे आपल्या डोळ्यांतून सुटत नाही.

काळ्या माणसांना लिहिता येत नव्हते, अशी सबब येथे चालणार नाही. त्याच युद्धात मेफकिंगच्या वेढ्यात सोल प्लातिये हा काळा दुभाषा तरुण रोजनिशी लिहीत होता. गोऱ्यांच्या पोटासाठी काळ्यांचे धान्य कसे आवळले गेले, भुकेली माणसे घोड्याच्या मांसाच्या रश्शासाठी कशी उभी राहिली, हे त्याने टिपले. पुढे १९१२ साली जी संघटना आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या रूपाने वाढली तिचा तो पहिला सरचिटणीस. त्याची रोजनिशी मात्र सत्तर वर्षे अज्ञात राहिली आणि १९७३ साली छापली गेली. हॉबहाउसबाईंच्या मृत्यूनंतर तीन वर्षांत, १९२९ साली, रूथ फ्राय यांनी त्यांचे चरित्र काढले. १९८४ साली त्यांची युद्धकाळातील पत्रे ग्रंथरूपाने आली. कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले त्यांचे कागद आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. एकाच युद्धाचे दोन साक्षीदार. एकीच्या कागदांना घर होते, दुसऱ्याच्या वहीला दैवाने राखले.

आता या कागदांच्या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग. १६ डिसेंबर १९१३ रोजी ब्लूमफाँटेन येथे छावण्यांत मेलेल्या बोअर बायकामुलांच्या स्मारकाचे अनावरण झाले. समारंभासाठी बाईंना मुद्दाम बोलावले होते. त्या निघाल्या, पण प्रकृती ढासळल्यामुळे वाटेत बोफर्ट वेस्टहून परतल्या. त्यांचे भाषण दुसऱ्यांनी वाचून दाखवले. त्या भाषणात बाईंनी आठवण करून दिली की, जे भांडण काळ्या लोकांचे नव्हतेच त्यात त्यांचीही हजारो माणसे छावण्यांत मेली, आणि न्यायबुद्धी असेल तर त्यांचेही स्मरण ठेवले पाहिजे. स्वातंत्र्य स्वतःसाठी मागणाऱ्यांनी ते दुसऱ्यांना नाकारू नये, असाही त्यांचा रोख होता. त्याच वर्षी जूनमध्ये काळ्यांचा जमीन घेण्याचा हक्क देशाच्या सुमारे सात टक्के भूमीपुरता आवळणारा कायदा झाला होता. त्याआधी १९०२ च्या तहातच काळ्यांच्या मताधिकाराचा प्रश्न गोऱ्यांना स्वराज्य मिळेपर्यंत पुढे ढकलला गेला होता. दोन गोऱ्यांचे भांडण मिटले ते तिसऱ्याच्या जमिनीवर. बारा वर्षांपूर्वी एका ओळीत जे आले होते ते बाईंनी आता विजयी सभेपुढे उच्चारले. ही त्यांच्या विचाराची वाढ आहे आणि ती प्रामाणिकपणे नोंदली पाहिजे.

पुढे काय झाले? १९४८ साली त्याच स्मारकाचा अभिमान बाळगणारे लोक सत्तेवर आले आणि त्यांनी वर्णविद्वेषाचे राज्य उभारले. १९६३ साली, स्मारकाच्या पन्नाशीला, बाईंचे ते भाषण पुन्हा छापण्यात आले, आणि काळ्यांच्या मरणाची आठवण देणारा मजकूर त्यातून गाळण्यात आला. त्याच सरकारने पुढे आपल्या एका पाणबुडीला बाईंचे नाव दिले. जन्मभर युद्धाला विरोध केलेल्या स्त्रीचे नाव युद्धनौकेवर! लोकशाही आल्यावर १९९९ साली ते नाव बदलण्यात आले. म्हणजे पाहा, प्रथम मस्टरवर नाव अपुरे चढले, आणि जे थोडे चढले होते तेही मागाहून खोडण्यात आले. पहिला दोष बाईंच्या काळाचा आणि काही अंशी बाईंचा. दुसरा त्यांच्या भक्तांचा. भक्त हे नेहमी असेच करतात. ज्या वाक्याने त्यांची गैरसोय होते ते वाक्य सोडून ते माणूस पुजतात. याची उदाहरणे शोधण्यासाठी आपल्याला आफ्रिकेत जावे लागू नये.

या हकीकतीत आपलाही एक धागा आहे. १९१३ च्या अखेरीस हिंदी लोकांचा लढा चालू असताना बाईंनी गांधीजींच्या वतीने जनरल स्मट्सकडे शब्द टाकला, आणि तडजोडीस मदत केली. हा प्रसंग आपल्याकडे कौतुकाने सांगितला जातो. पण बोअर युद्धातील हिंदी शुश्रूषा पथकाची मोजणी कोणी सांगत नाही. सुमारे ११०० माणसांच्या त्या पथकात सुमारे ८०० करारबद्ध मजूर होते, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर मळ्यांवर आणि खाणींत राबणारी माणसे. युद्धपदके मिळाली ती पुढारी मानलेल्या ३७ जणांना. डोलीचे दांडे ज्यांच्या खांद्यावर होते त्यांची नावे पुस्तकांत आली नाहीत. काळ्यांना गोऱ्यांच्या कागदात जागा नव्हती हे आपण सहज म्हणतो. आपल्या कागदात आपल्याच मजुराला किती जागा होती, हेही म्हटले पाहिजे.

बाई ८ जून १९२६ रोजी लंडनमध्ये वारल्या. त्यांची रक्षा ब्लूमफाँटेनच्या स्मारकात ठेवली आहे. स्मारकावर २६,३७० हा आकडा आहे. तो आकडा खरा करण्यासाठी, म्हणजे मरण जगाला मान्य करायला लावण्यासाठी, बाईंनी आयुष्य वेचले. दुसऱ्या आकड्याला मात्र मोजायला कोणी यायला ऐंशी वर्षे लागली, आणि तो अजून पक्का झालेला नाही.

एमिली हॉबहाउस थोर होत्या की नव्हत्या, हा प्रश्न मला गौण वाटतो. त्या होत्या. आपल्या महाविद्यालयांत मानवतावाद शिकवताना अशी चरित्रे जरूर शिकवावीत. पण विद्यार्थ्याच्या हातात चरित्र देताना शेजारी छावण्यांची दुसरी यादीही ठेवावी, १९१३ चे भाषण ठेवावे आणि १९६३ ची छाटलेली प्रत ठेवावी. मग त्याला दिसेल की, दया मागून मिळते तेव्हा ती देणाऱ्याच्या वाटेने येते, आणि ती वाट आपल्या वस्तीच्या अलीकडेच संपू शकते. हक्क असेल तर नाव मस्टरवर चढवण्यासाठी कोणाचे अंतःकरण हेलावण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि आपल्यातल्या ज्या बायांनी दुष्काळात, पुरात, दंगलीत वस्तीला जगवले त्यांच्या वह्या, पावत्या, याद्या ट्रंकेत पडून असतील तर त्या वाळवी लागण्यापूर्वी बाहेर काढणे, हे आपल्या पिढीतील शिकलेल्यांचे काम आहे.